सरासरीचा कझाक कुठे राहतो?

युक्रेनवर रशियाने हल्ला केला तेव्हापासून आपल्याकडच्या परराष्ट्र-विश्लेषकांच्या हाती एक नकाशा लागला आहे. नकाशा कझाकस्तानचा. रशियाला लागून असलेले उत्तरेचे प्रांत गडद रंगात, दक्षिणेचे फिकट, आणि वर मथळा: ‘पुढचा नंबर कोणाचा?’ गडद म्हणजे रशियन वस्ती जास्त, फिकट म्हणजे कझाक वस्ती जास्त, एवढीच त्याची समज. मग सुमारे ७,६०० किलोमीटरची सरहद्द, पुतिन यांचे एखादे वाक्य आणि पूर्व युक्रेनमधल्या डोनबासची आठवण जोडली की वीस मिनिटांचा कार्यक्रम तयार होतो. याला उत्तर देणारे कझाक राष्ट्रवादीही कमी उत्साही नाहीत. त्यांच्या हातात २०२१ च्या जनगणनेचा आकडा असतो: कझाक ७०.४ टक्के, रशियन १५.५ टक्के. विषय संपला, असे त्यांचे म्हणणे. एका बाजूला टक्का म्हणजे धोका, दुसऱ्या बाजूला टक्का म्हणजे सातबारा.

दोन्ही बाजू एकच चूक करतात, असे माझे स्पष्ट मत आहे. राष्ट्रीयत्वाचा टक्का जमिनीची मालकी सांगत नाही आणि उद्याचे बंडही सांगत नाही. शहर आणि खेडे हे दोन रकाने वेगळे काढून तो वाचला, तर सत्तेने कोणाला शहरात येऊ दिले आणि कोणाला वेशीबाहेर ठेवले, एवढे मात्र तो फार नेमके सांगतो. आणि कझाकस्तानापुढचा आजचा खरा प्रश्न त्या गडद पट्ट्यात नाही, शहरांच्या कडेला आहे.

सोव्हिएत काळातली शेवटची जनगणना १९८९ ची. तिच्यानुसार कझाकस्तानात कझाक ३९.७ टक्के आणि रशियन ३७.८ टक्के होते. म्हणजे जवळपास बरोबरी, असे कोणीही म्हणेल. आता हाच तक्ता उभा फाडा. शहरी लोकसंख्येत कझाक जेमतेम चौथा हिस्सा होते, साधारण २७ टक्के, आणि रशियन निम्मे. खेड्यांत कझाक ५७ टक्क्यांच्या आसपास आणि रशियन पाचात एक. तो ३९.७ टक्क्यांचा देश मग होता कुठे? शहरातल्या माणसाला आपण एका रशियन देशात राहतो असे वाटत होते, आणि स्टेपवरच्या, म्हणजे गवताळ माळावरच्या, औलातल्या (खेड्यातल्या) मेंढपाळाला आपण कझाक देशात राहतो असे वाटत होते. दोघांचेही बरोबर होते. अल्माटी तेव्हा प्रजासत्ताकाची राजधानी. तिथे चारांत एक माणूसही धड कझाक नव्हता. आज अस्ताना म्हणतात त्या गावाचे नाव तेव्हा त्सेलिनोग्राद, आणि तिथे कझाकांचे प्रमाण पाचात एकापेक्षाही कमी. ज्या राष्ट्राच्या नावाने प्रजासत्ताक, ते राष्ट्र आपल्याच शहरांत पाहुणे होते.

हे आपसूक झाले नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या प्रदेशात कझाक ठळक बहुसंख्य होते, आणि बहुतेक भटके किंवा अर्धभटके पशुपालक होते. १९३० ते १९३३ या काळात मॉस्कोने त्यांना सक्तीने एका जागी बसवले, जनावरे सामूहिक शेतांत ओढली, मांस आणि धान्याची वसुली चालूच ठेवली. कळप मेले आणि मग माणसे मेली. सुमारे १५ लाख मृत्यू, त्यांतले १३ लाखांच्या आसपास कझाक. शिवाय लाखो लोक चीनकडे, उझबेकिस्तानकडे, सैबेरियाकडे पांगले. १९३७ साली सोव्हिएत संघाने जनगणना घेतली, देशभरात माणसे अपेक्षेपेक्षा कमी भरली, आणि स्टालिनने ती जनगणनाच रद्द करून तिच्या प्रमुखांना गोळ्या घातल्या. माणसे कमी भरली की मोजणारा गुन्हेगार, हा न्याय! ज्यांना जनगणना म्हणजे कारकुनांचे निरुपद्रवी काम वाटते त्यांनी ही एक गोष्ट लक्षात ठेवावी.

मग रिकाम्या झालेल्या जागेत भर घालणे सुरू झाले. १९३७ मध्ये अतिपूर्वेकडून कोरियन आणले गेले, १९४१ मध्ये व्होल्गाकाठचे जर्मन, १९४४ मध्ये चेचेन आणि इंगुश. यातले कोणीही हौसेने आले नव्हते. मालगाड्यांतून उतरवले गेले होते. करागंडाच्या कोळसाखाणींच्या भोवती कार्लाग ही श्रमछावण्यांची प्रचंड वसाहत उभी राहिली. १९५४ पासून ख्रुश्चेव्हच्या ‘पडीक जमिनी’च्या मोहिमेत रशिया-युक्रेनमधून तरुणांचे तांडे उत्तरेच्या स्टेपवर नांगर घेऊन आले. १९५९ च्या जनगणनेत कझाक ३० टक्क्यांवर आणि रशियन ४२.७ टक्क्यांवर होते. नकाशातला गडद पट्टा बहुतांशी या तीस वर्षांत रंगवला गेला.

पण भुकेने आणि स्थलांतराने एकूण टक्का समजतो, शहरातला टक्का समजत नाही. भुकेतून जे वाचले ते शहरात का आले नाहीत? कारखाने तर त्यांच्याच भूमीवर निघत होते. याचे उत्तर अगदी कागदी आहे. १९३२ साली सोव्हिएत संघात अंतर्गत पासपोर्ट सुरू झाला आणि सामूहिक शेतावरच्या माणसाला तो देण्यात आला नाही. पासपोर्ट नाही म्हणून शहरात नोंदणी नाही, नोंदणी नाही म्हणून घर नाही, नोकरी नाही. हा नियम शिथिल करण्याचा निर्णय १९७४ साली झाला आणि त्याची अंमलबजावणी पुढची काही वर्षे रेंगाळली. तो रशियन शेतकऱ्यालाही लागू होता हे खरे. पण कझाकस्तानच्या कारखान्यांसाठी लागणारे कामगार सबंध सोव्हिएत संघातून भरती होऊन येत होते आणि त्यांना घरासकट जागा मिळत होती. शेजारच्या औलातल्या पोराला मात्र आधी रशियन शिकायचे, मग परवानगी मिळवायची, मग वसतिगृहातली खाट. शहरांत कझाक माध्यमाच्या शाळा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. डिसेंबर १९८६ मध्ये कझाकस्तानचे कझाक पक्षप्रमुख दिनमुहम्मद कुनायेव यांना हटवून गोर्बाचेव्ह यांनी गेन्नादी कोल्बिन या बाहेरच्या रशियन माणसाला त्यांच्या जागी नेमले, तेव्हा अल्माटीच्या चौकात उतरलेल्या तरुणांत वसतिगृहांत राहणारे, खेड्यांतून शिकायला आलेले विद्यार्थी पुष्कळ होते. निमित्त कोल्बिन. पण राजधानीत खाट मिळालेल्या आणि घर न मिळालेल्या पिढीचा तो राग होता, असे मी मानतो.

आता समोरच्या बाजूचे सगळ्यांत बळकट म्हणणे ऐकू. ‘ही शहरे रशियनांनीच वसवली. उराल्स्क १६१३ चे, सेमिपलातिन्स्क १७१८ चे, उस्त-कामेनोगोर्स्क आणि पावलोदार १७२० चे, पेत्रोपाव्ल १७५२ चे, अल्माटी १८५४ चे. सगळे मुळात रशियन किल्ले किंवा कोसॅक ठाणी. भटक्यांकडून शहर हिरावले गेले असे कसे म्हणता, ते त्यांचे होतेच कुठे?’ यातले सनांचे तपशील खरे आहेत आणि ते झाकण्यात अर्थ नाही. रशियन डॉक्टर, शिक्षक, खाणकामगार यांच्या दोन-तीन पिढ्या त्या मातीत पुरल्या गेल्या आहेत. त्यांना ‘उपरे’ म्हणणे असभ्यपणाचे आहे, आणि छावणीतून सुटून तिथेच राहिलेल्याला वसाहतवादी म्हणणे तर क्रूर.

तरीही युक्तिवाद टिकत नाही. एक तर दक्षिणेतल्या सिर दर्या नदीच्या काठाने ओतरार, सायराम, तुर्किस्तान ही शहरे मॉस्को मोठे होण्याच्या आधीपासून नांदत होती. चंगीझखानाने ओतरार उद्ध्वस्त केले ते तेराव्या शतकात, आणि तुर्किस्तानात सूफी संत अहमद यसवीच्या कबरीवर तैमूरने इमारत उभारली ती चौदाव्याच्या अखेरीस. कझाक भूमीला शहर ठाऊक नव्हते हे म्हणणे उत्तरेचा इतिहास सगळ्या देशावर पांघरण्यासारखे आहे. दुसरे म्हणजे, पाया कोणी घातला यावरून शहर कोणाचे हे ठरवायचे, तर जगातल्या किती शहरांचे कागद नव्याने करावे लागतील? एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत प्राग हे जर्मनबोलीचे शहर समजले जाई. १९०० पर्यंत तिथे जर्मन दहा टक्क्यांच्याही खाली आले. जर्मनांना कोणी हाकलले नव्हते, हाकलण्याची वेळ पुढे १९४५ मध्ये आली. भोवतीच्या खेड्यांतला चेक माणूस गिरण्यांत कामाला आला, आणि शहरात आल्यावर जर्मन व्हायचे त्याने नाकारले, एवढेच घडले. विल्नियसचे उदाहरण आणखी टोकाचे. १८९७ च्या रशियन जनगणनेत तिथे ज्यू ४० टक्के, पोलिश ३१ टक्क्यांच्या आसपास आणि लिथुआनियन २ टक्के. आज ती लिथुआनियाची राजधानी आहे. मध्ये ज्यूंचा संहार झाला आणि पोलिशांना हलवले गेले, म्हणून हा बदल प्रागसारखा निष्पाप नाही. पण शहराचा टक्का हा शहरावरचा कायमचा शिक्का नसतो, हे दोन्हींतून दिसते.

मराठी वाचकाला हा वाद परका वाटण्याचे काहीच कारण नाही. मुंबईत मराठी भाषक निम्मेही नाहीत, व्यापार-उद्योग त्यांच्या हातात नाही, सबब मुंबई महाराष्ट्राची नाही, हाच युक्तिवाद आपण १९४८ पासून १९६० पर्यंत ऐकला. भाषावार प्रांत आयोगापुढे १९४८ साली दिलेल्या निवेदनात डॉ. आंबेडकरांनी त्याची जी चिरफाड केली ती आजही वाचावी अशी आहे. कलकत्त्यात बंगाली अल्पसंख्य आहेत, तिथला व्यापार त्यांच्या मालकीचा नाही, मग कलकत्ता बंगालची नाही असे कोणी का म्हणत नाही, हा त्यांचा रोख होता. शहर ज्या मुलखाच्या पोटात आहे, ज्याच्या पाण्यावर आणि घामावर ते चालते, तो मुलूख तक्त्यात ‘ग्रामीण’ म्हणून वेगळा लिहिला म्हणून परका होत नाही. हे तर्कशास्त्र आपल्याला मुंबईपुरते फार पटते. बेळगावात मात्र आपण शहरातल्या मराठी टक्क्यावर बोट ठेवतो, आणि तीन बाजूंनी कानडी मुलूख आहे असे महाजन आयोगाने १९६७ मध्ये म्हटले की संतापतो. तालुक्यातली खेडीही मराठी आहेत, हे आपले उत्तर वजनदार आहे. तरी मुंबईत परिसर आणि बेळगावात शहर, अशी सोयीची मापे वापरताना आपणही त्या नकाशावाल्या विश्लेषकांच्याच पंगतीत जाऊन बसतो.

दुसरा आक्षेप भीतीचा आहे, आणि तो पोकळ नाही. ऑगस्ट २०१४ मध्ये पुतिन म्हणाले की कझाकांचे राज्य पूर्वी कधी नव्हतेच, ते तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष नझरबायेव यांनी निर्माण केले. डिसेंबर २०२० मध्ये रशियन संसदेतले व्याचेस्लाव निकोनोव्ह यांनी कझाकस्तानची भूमी ही रशियाने दिलेली मोठी भेट असल्याचे सांगितले. १९९९ च्या नोव्हेंबरात उस्त-कामेनोगोर्स्कमध्ये स्वतंत्र रशियन प्रजासत्ताकाचा कट केल्याच्या आरोपावरून बावीस जणांना अटक झाली होती आणि त्यांत रशियाचे नागरिकही होते. पेत्रोपाव्ल ज्याची राजधानी आहे त्या प्रांतात आजही रशियन निम्म्याच्या आसपास आहेत. हे सगळे माहीत असून ‘काही होणार नाही’ म्हणणे हा बेसावधपणा ठरेल.

पण टक्क्यामुळे होईल का? युक्रेनच्या २००१ च्या जनगणनेत डोनबासमधल्या दोनेत्स्क प्रांतात युक्रेनियन ५६.९ टक्के आणि रशियन ३८.२ टक्के होते. टक्केच निर्णय देत असते तर दोनेत्स्क शांत राहायला हवे होते. उलट एस्टोनियातले नार्वा पाहा. नदी ओलांडली की रशिया, आणि शहरात ऐंशी टक्क्यांहून अधिक रशियन. जुलै १९९३ मध्ये तिथे स्वायत्ततेसाठी सार्वमतसुद्धा झाले, न्यायालयाने ते रद्दबातल ठरवले, आणि पुढची तीस वर्षे नार्वा एस्टोनियातच आहे. फरक कशाने पडला? एका ठिकाणी सरहद्दीपलीकडून बंदुका आणि माणसे आली, दुसऱ्या ठिकाणी आली नाहीत. आणि नार्वातल्या पेन्शनराला पलीकडच्या इवानगोरोदपेक्षा अलीकडचे जगणे परवडत होते. लष्करी निर्णय क्रेमलिनमध्ये होतो. जनगणनेचा तक्ता नंतर त्याला निमित्त म्हणून वापरला जातो, आणि आपला विश्लेषक ते निमित्त आधीच बांधून देतो.

शिवाय तो तक्ताही आता जुना झाला आहे. १९८९ मध्ये ६२ लाखांवर असलेले रशियन १९९९ मध्ये ४५ लाखांच्या आत आणि २०२१ मध्ये ३० लाखांच्या आत आले. साडेनऊ लाख जर्मन होते, त्यांतले बहुतेक जर्मनीला गेले. १९९७ मध्ये राजधानी अल्माटीहून उत्तरेला हलवली गेली, आणि ज्या गावात कझाक पाचात एकही नव्हते तिथे ते आता तीन चतुर्थांशांहून अधिक आहेत. चीन, मंगोलिया, उझबेकिस्तानातून दहा लाखांहून अधिक कझाक ‘मायदेशी’ येऊन वसले. कझाक राष्ट्रवादी याकडे विजय म्हणून पाहतात. मला ते तितके सोपे वाटत नाही. गेलेल्यांत केवळ साम्राज्याचे नोकर नव्हते. नव्वदच्या दशकात वीज नसलेल्या, कारखाना बंद पडलेल्या गावांतून निघून गेलेले, कझाकला राज्यभाषा करणाऱ्या कायद्यामुळे पोराचे भवितव्य दिसेना म्हणून निघालेले सामान्य लोक होते. रशियनांचा टक्का घटला यात कझाकाचे घर झाले असा अर्थ आपोआप निघत नाही.

कारण ज्या औलातल्या पोराला सोव्हिएत काळात पासपोर्ट मिळत नव्हता, तो आता पासपोर्टच्या अडथळ्याविना शहरात येतो आणि त्याला दुसरीच भिंत आडवी येते. अल्माटीच्या कडेच्या शान्यराकमध्ये जुलै २००६ मध्ये पोलीस झोपड्या पाडायला आले तेव्हा झालेल्या हाणामारीत दोन्हीकडचे लोक कझाक होते. अल्माटीत वाढलेला, घरात रशियन बोलणारा कझाक खेड्यातून आलेल्याला ‘माम्बेत’ म्हणून हिणवतो, आणि खेड्यातला त्याला ‘शाला’, म्हणजे अर्धवट कझाक म्हणतो. जनगणनेत दोघांच्या नावापुढे एकच राष्ट्रीयत्व. २०११ च्या डिसेंबरात गोळीबार झाला तो झानाओझेनमध्ये, संपकरी तेलकामगारांवर. जानेवारी २०२२ मध्ये देश हादरवणारा उद्रेक सुरू झाला तोही तिथूनच, गाडीत भरायच्या गॅसच्या भावावरून, आणि मग अल्माटी पेटली. त्या गडद पट्ट्यापासून झानाओझेन खूप दूर, कास्पियनच्या बाजूला आहे, आणि तिथली वस्ती जवळजवळ सगळी कझाक. ७०.४ टक्क्यांचा आकडा छातीशी धरून बसलेल्यांना याचे उत्तर द्यावे लागेल: राष्ट्र एकजिनसी होत चालले असताना सगळ्यांत मोठ्या भडक्याची ठिणगी त्याच्या सगळ्यांत एकजिनसी कोपऱ्यात का पडली?

सरकारलाही टक्क्यांचेच वेड आहे. २०१४ पासून ‘सेर्पिन’ योजनेखाली गर्दीच्या दक्षिणेतल्या मुलांना उत्तरेच्या कॉलेजांत शिष्यवृत्ती देऊन पाठवले जाते, आणि कुटुंबांना उत्तरेला वसण्यासाठी मदत मिळते. हेतू उघड आहे, पट्टा फिका करायचा. ही कल्पना वाईट नाही. दक्षिणेत पाणी कमी, पोरे जास्त. उत्तरेत गावे ओस पडत चालली आहेत. पण उणे तीस अंशांत राहायचे, कामाच्या ठिकाणी अजून रशियनच चालते ते शिकायचे, आणि पगार मात्र दक्षिणेतल्या शिमकेंत शहराच्या बाजारात सुटतात तेवढेच, असे असेल तर शिक्षण संपल्यावर पोरगा उत्तरेत थांबेल कशाला? पुढच्या जनगणनेत पेत्रोपाव्लचा कझाक टक्का वाढलेला दिसेल याबद्दल मला शंका नाही. तो रशियन म्हातारे गेल्यामुळे वाढला की तुर्किस्तानहून आलेली पोरे टिकल्यामुळे, हे जन्मस्थान आणि शहरात आल्याचे वर्ष हे रकाने त्या टक्क्याशेजारी ठेवल्याशिवाय कळणार नाही. विश्लेषकांनी पुढच्या वेळी नकाशा दाखवताना निदान ते दोन रकाने मागवावेत.